दोन राज्यांची चौदा गावे

रोमानियात अनेक लहान गावे मिळून एक 'कोमुना' होते. तिला निर्वाचित प्रमुख एक आणि सभाही एकच. आपल्याकडील गट ग्रामपंचायत हिच्याच जातीची. दोहोंचे सूत्र असे, की गावे अनेक, पण कारभार एक. हैदराबादच्या उत्तरेस, माणिकगडच्या डोंगरांत, हे सूत्र नेमके उलटले आहे. तेथे परमडोली व अंतापूर या ग्रामपंचायतींतील चौदा गावांवर दोन राज्यांचा कारभार चालतो : महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्याचा, आणि तेलंगणाच्या आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडलाचा.

या स्थितीचे मूळ जुन्या हैदराबाद संस्थानच्या विभाजनात आहे. १९५६ पर्यंत राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार पुनर्रचनेत तो प्रथम नांदेडला जोडला गेला व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. तालुका गेला, परंतु डोंगरमाथ्यावरील सीमारेषेविषयी एकमत झाले नाही. पुढे दुष्काळाने हुसकलेली मराठवाड्यातील कुटुंबे येथे येऊन वसली. आम्ही राहतो त्या तारनाक्याचे नाव तारेच्या कुंपणावरून व नाक्यावरून पडले, असे सांगतात. या गावांत तारही नाही आणि नाकाही नाही. सीमा आहे ती केवळ दप्तरांत.

गावांची नावेच त्यांचा इतिहास सांगतात. महाराजगुडा, मुकदमगुडा, लेंडीगुडा यांतील 'गुडा' म्हणजे या डोंगरांतील पाडा. भोलापठारातील 'पठार' मराठी. इंदिरानगर उघडच अलीकडचे. वस्तीत बंजारा, मातंग, गोंड, कोलाम असे अनेक समाज आहेत. घरची बोली निरनिराळी असली, तरी व्यवहाराची भाषा बहुतांशी मराठीच आहे. शेती कापूस, ज्वारी व तुरीची.

येथे सरपंच दोन, शिधापत्रिका दोन, मतदारयाद्याही दोन. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला, तर आदिलाबादचे १३ मे रोजी झाले; आणि या गावकऱ्यांची नावे दोन्हीकडे! मराठी शाळा आहे, तशी तेलुगू शाळाही आहे. दुरून पाहणाऱ्यास हे भाग्य वाटेल. परंतु शिक्षकांनी क्षणभर विचार करावा : मुलास कोणत्या लिपीत बसवावे, हा प्रश्न येथील पित्यास वस्तुतः आपण उद्या कोणत्या राज्यात असू, असे विचारतो.

याहूनही मोठी उणीव जमिनीची आहे. ज्या भूमीवर कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राबत आली, तिचा मालकीपट्टा त्यांच्या हाती नाही. कारण दप्तरी ती वनजमीन आहे. दोन शासने धान्य देऊ शकली, मत मागू शकली. परंतु या कुटुंबांस सातबारा मात्र एकाही शासनाकडून मिळाला नाही.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी ही गावे महाराष्ट्रात समाविष्ट करण्याची प्रक्रिया सुरू झाल्याचे जाहीर केले. भाषेच्या नात्याने आम्हांस त्याचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे. तथापि गाव नकाशावर कोणत्या रंगाचे झाले, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. शेतकऱ्याचे नाव त्याच्या शेतावर चढेल, तेव्हाच ही गावे खऱ्या अर्थाने एखाद्या राज्याची झाली, असे म्हणता येईल.