दीड मिनिटाची लढाई

पूर्वीच्या काळी क्षितिजावर शत्रूचे शीड दिसल्यापासून पहिली तोफ डागली जाईपर्यंत नाविकांना बराच अवधी मिळत असे. आज तसे राहिलेले नाही. एक्झोसेसारखे क्षेपणास्त्र लाटांपासून अवघ्या काही मीटर उंचीवरून, जवळजवळ ध्वनीच्या वेगाने येते. पृथ्वी गोल असल्यामुळे ते प्रथम क्षितिजाआड दडलेले असते. नौकेच्या रडारला ते दिसते, तेव्हा हाती उरते ते सुमारे दीड मिनिट!

या दीड मिनिटाचे मोल १९८२ साली फॉकलंड बेटांच्या युद्धात दिसून आले. ४ मे रोजी अर्जेंटिनाच्या दोन विमानांनी ब्रिटिश नौकांवर दोन एक्झोसे क्षेपणास्त्रे सोडली. ‘ग्लासगो’ या विनाशिकेवरील नाविकांनी त्या विमानांच्या रडारची चाहूल ओळखली. त्यांनी तत्काळ इतरांना इशारा दिला आणि धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचे ढग आकाशात उडविले. अशा ढगालाच नौका समजून क्षेपणास्त्र फसते.

‘शेफील्ड’ ही विनाशिकाही त्याच जातीची होती. तंतूंचे ढग उडविण्याची सोय तिच्यावरही होती. परंतु त्या वेळी तिच्यावरून उपग्रहामार्फत संदेश चालले होते. त्यामुळे चाहूल घेणारे तिचे यंत्र जणू बधिर झाले होते. धोका ध्यानी आला, तोवर वेळ निघून गेली होती. ढग उडविलेच गेले नाहीत. क्षेपणास्त्र नौकेत घुसले, आग भडकली, आणि आग विझविण्यासाठी पाणी पुरविणारी मुख्य नळीच फुटली. २० जण मृत्युमुखी पडले. सहा दिवसांनी नौका समुद्रात बुडाली.

म्हणूनच नाविकांकडून अशा प्रसंगाचा सराव पुनःपुन्हा करून घेतात. ब्रिटनमधील प्लिमथजवळच्या समुद्रात होणारा असा सराव ‘गुरुवारचे युद्ध’ या नावाने ओळखला जातो. अशा सरावांत खाली झेपावणारी विमाने क्षेपणास्त्राचे सोंग घेत. परीक्षक मुद्दाम एखादे यंत्र बंद पाडतात, खोल्यांत खोटा धूर भरतात. एखाद्या नाविकाला ‘तू जखमी झालास’ असे सांगून बाजूला बसवितात. मग त्याचे काम दुसऱ्याने न सांगता उचलावयाचे असते. जेथे चूक होते, तेथून सराव पुन्हा सुरू होतो.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. दीड मिनिटात नवे काही शिकता येत नाही. आधी शिकलेले तेवढेच त्या वेळी उपयोगी पडते.