निर्मात्याचा हक्क आणि संगणकाचा वर्ग

संगणकाच्या वर्गात बसलेला विद्यार्थी सर्वांत आधी जी विद्या हस्तगत करतो ती नक्कल करण्याची. दोन कळा दाबल्या की कोणाचे तरी चित्र, कोणाचा तरी परिच्छेद त्याच्या प्रकल्पात येऊन बसतो, आणि खाली तो निःशंकपणे 'गूगलवरून साभार' असे लिहितो. गूगलने त्या चित्राचे केवळ ठिकाण दाखवले, कर्ता कोणी निराळाच आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

बौद्धिक संपदेचा विषय शिकवावयाचा म्हटले की बहुधा मनाई आणि शिक्षा यांचीच जंत्री पुढे केली जाते. माझ्या मते आरंभ मुलांच्या स्वतःच्या हक्कापासून व्हावा. जमिनीचा हक्क शाबीत करावयाचा तर दस्तऐवज आणि सातबाऱ्याचे उतारे धुंडाळावे लागतात. परंतु दहा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या कल्पनेतून रेखाटलेले चित्र, कोठेही दरखास्त न देता, कागदावर वा पडद्यावर उमटताक्षणीच तिच्या मालकीचे होते, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने नोंदणी ऐच्छिक ठेवली आहे. हे जिला उमगले, तिला दुसऱ्याच्या मालकीची जाणीव देण्यास धाक लागत नाही.

या हक्काला मुदतही आहे. लेखकाच्या निधनानंतर पूर्वी ती पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा, १९९२ च्या दुरुस्तीने, ती साठ झाली. साने गुरुजी १९५० साली निवर्तले, म्हणून 'श्यामची आई' हे पुस्तक १ जानेवारी २०११ पासून सर्वांस खुले आहे, पु. ल. देशपांडे यांचे लेखन मात्र २०६० अखेरपर्यंत संरक्षित राहील.

अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने काढलेल्या प्रतीला कलम ५२ ची मुभा आहे. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात, २०१६ साली, उच्च न्यायालयाने याच कलमाखाली अभ्याससंच काढण्यास तत्त्वतः मान्यता दिली, आणि पुढील वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तथापि या मुभेचा अर्थ, विक्रीस असलेले अख्खे पुस्तक व्हॉट्सअॅपच्या गटावर पाठवावे असा होत नाही. आणि लेखकाचे नाव लिहिल्याने त्याची परवानगी मिळाली असेही होत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की चित्राखाली पुन्हा 'गूगल' दिसेल तेव्हा गुण कापण्याआधी त्या विद्यार्थ्यासह मूळ पानावर जावे, कर्त्याचे नाव आणि वापराच्या अटी त्याच्याकडूनच शोधवून घ्याव्यात, आणि त्याने स्वतः काढलेल्या चित्राखाली त्याचे नाव व साल त्याच्याच हाताने लिहून घ्यावे.