‘सेव्ह’ झालं म्हणजे पोहोचलं का?

‘माझा नंबर सेव्ह करून घे वं माय’ हे वाक्य आता अकोल्याच्या बसस्टँडवर ऐकू येतं, तसंच दर्यापूरकडच्या वावरातही. कोणी ‘सेव्ह’ म्हणतं, कोणी ‘सेव’. चिवड्यातली शेव आठवून आपण हसतोही. पण याच शब्दापायी आमच्या गटातल्या एका ताईंचा पीक विमा हुकला. म्हणून आज या शब्दाबद्दल बोलू या.

ताई अर्ज भरायला केंद्रावर गेल्या होत्या. तिथला पोरगा म्हणाला, ‘काकू, फॉर्म सेव्ह केला.’ ताई निर्धास्त होऊन घरी आल्या. पुढे सोयाबीन पाण्यात गेलं, चौकशी केली, तर अर्ज पुढे गेलाच नव्हता. मुदतही संपली होती.

असं का झालं, ते शब्दाच्या अर्थातच आहे. ‘सेव्ह’ हे क्रियापद सुमारे 800 वर्षांपूर्वी फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आलं. त्याचं मूळ लॅटिन भाषेतल्या ‘साल्व्हुस’ या शब्दात आहे. अर्थ, सुखरूप, धडधाकट. भाषेचे अभ्यासक सांगतात, की आपला ‘सर्व’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. जे अख्खं आहे, तुटलं-फुटलं नाही, ते.

म्हणून इंग्रजीत बुडणाऱ्याचा जीव वाचवणं म्हणजे सेव्ह आणि पैसे शिल्लक टाकणं म्हणजेही सेव्ह. आपणही ‘जीव वाचवला’ म्हणतो आणि ‘पैसे वाचवले’ही म्हणतो. आपला ‘राखणे’ हा शब्द तर त्याच्या फार जवळचा. सोयाबीनचं घरचं बी आपण पुढच्या पेरणीसाठी राखतो. कपाशीचं संकरित बी तसं राखून चालत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

आता बघा, राखलेलं बी कोठीत सुखरूप असतं, पण ते पेरलेलं नसतं. फॉर्मचंही तसंच आहे. ‘सेव्ह’ म्हणजे भरलेली माहिती जपून ठेवली. ‘सबमिट’ म्हणजे अर्ज सादर केला. ही दोन कामं वेगळी आहेत. दुसरं झालं नाही, तर पहिल्याचा उपयोग नाही.

म्हणून केंद्रावरून उठण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. अर्ज सबमिट झाला का? अर्जाचा क्रमांक कोणता? पावतीची छापील प्रत कुठे आहे? पैसे भरायचे असतील, तर ते भरल्याची पावतीही मागून घ्यायची. विचारायला लाजायचं नाही. अर्ज आपला आहे.

फोनमधल्या नंबरचंही थोडं सांगतो. फोन हरवला, की त्यातच सेव्ह केलेले नंबरही जाऊ शकतात. म्हणून महत्त्वाचे नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा. तातडीच्या मदतीसाठी 112, महिलांच्या मदतीसाठी 181 आणि ऑनलाइन पैशाची फसवणूक झाली तर लगेच 1930.

येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या शेवटच्या अर्जाची पावती सोबत आणावी. जिच्याकडे पावती नसेल, तिने मुदत आहे तोवर केंद्रावर जाऊन यावं. एकटीला जायला अवघड वाटत असेल, तर दोघी मिळून जा.