दगडफूल आणि सागरी कासव

खान्देशी काळ्या मसाल्याला दगडफुलाशिवाय खमंगपणा येत नाही. नाव फुलाचे असले तरी ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र थाटलेला तो संसार आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते; शैवाल उन्हावर अन्न शिजवते. अशा सजीवांना शास्त्रात शैवाक म्हणतात.

याची तुलना मी सागरी कासवाशी करणार आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी कोकणात वेळासच्या वाळूत एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. हे अंतर समुद्रमार्गे सुमारे साडेतीन हजार किलोमीटर! दगडफूल मात्र जन्मभर एकाच सालीवर किंवा खडकावर बसते आणि वर्षाला काही मिलिमीटर वाढते.

तरीही दोघांचे एक दुखणे सारखे आहे. माणसाने बिघडवलेले त्यांना सोसावेच लागते. कासव जाळ्यात अडकते, प्लास्टिक गिळते. दगडफुलाला मुळे नाहीत. पाणी आणि क्षार ते थेट हवेतून घेते, त्यांच्याबरोबर विषही. कोळसा जाळल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइड अनेक शैवाकांना मारतो. पॅरिसमधली शैवाके हवेमुळे नाहीशी होत असल्याचे नायलँडर या शास्त्रज्ञाने १८६६ मध्येच नोंदवले होते.

आम्ही दीपनगरचे लोक कोळशावरच्या वीज केंद्राच्या सावलीत राहतो, म्हणून हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे उन्हाळाही कडक. त्यामुळे झाडावर शैवाक दिसले नाही की लगेच धुराला दोष देता येणार नाही. पण एकाच जातीची झाडे, केंद्राजवळची आणि दूरची, वर्षानुवर्षे पाहत गेलो, तर हवेची वही वाचता येईल.

वेळासला पूर्वी कासवाची अंडी खाण्यासाठी चोरली जात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली. पिल्ले समुद्राकडे धावताना पाहून कोणालाही माया येते. दगडफूल धावत नाही, आणि शेतातही पिकत नाही. ते रानातूनच ओरबाडून आणले जाते. चिमूटभर दगडफुलामागे कित्येक वर्षांची वाढ असते, एवढे ध्यानात ठेवले तरी आपण ते जपून वापरू.