कोकणातलं खळं : कामाची जागा, खेळाची जागा

दक्षिण कोकणात घरापुढच्या अंगणाला खळं म्हणतात. पावसाळ्यात ते गवताने आणि चिखलाने भरून जातं. पाऊस सरला की घरातली माणसं ते खणून सपाट करतात, पाणी मारून माती मुरू देतात आणि लाकडी चोपण्याने ठोकून काढतात. चोपण्याचे एकसारखे धपधप आवाज वाडीभर ऐकू येतात. मग शेणाचा सडा किंवा सारवण. सारवताना हाताचा पंजा अर्धगोलात फिरतो आणि बोटांच्या कमानी जमिनीवर उमटून राहतात. ओलं असेपर्यंत त्यावर पाय ठेवायची मुलांना सक्त मनाई!

वाळलेल्या खळ्यात भात झोडलं जातं, पुढे उन्हाळ्यात मिरच्या, कोकमं, आंब्याची साटं वाळतात. कोंबड्या हाकलायचं काम पोरांचं. राखण करता करताच सागरगोटे सुरू होतात. राखाडी, टणक, गुळगुळीत असे हे गोटे म्हणजे एका काटेरी झुडपाच्या बिया. एक वर उडवायचा, तो खाली येण्याआधी जमिनीवरचे उचलायचे आणि त्याच हाताने तो झेलायचा. खेळ रंगात आला की कोंबड्यांचं फावतं, हे सांगायला नकोच.

विटीदांडू मात्र खळ्याबाहेर, कापणी झालेल्या मळ्यात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी त्यात वकट, लेंड, मूंड, नाल अशी मोजणी चालते. तेलुगूतले एक ते चार हे आकडे ऐकले की हे शब्द कुठून आले असावेत ते लगेच लक्षात येतं.