गाबोळी भरते, पिल्लं होत नाहीत

मालवण-कुडाळच्या पट्ट्यात ज्याच्या बागेत तळं आहे, त्याच्याकडे मृगाचा पाऊस लागला की एक प्रश्न हटकून निघतो: "माशे सोडले, आता पिल्लां कधी होतली?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर माशागणिक बदलतं. कटला-रोहू सोडणाऱ्याला ‘कधीच नाही’ असं सांगावं लागतं, तर टिलापिया सोडणाऱ्याला ‘थांबवता येणार नाही इतक्या वेळा’. पाणी तेच, पाऊस तोच. तरी एक मासा पोटात अंडी घेऊन बसून राहतो आणि दुसरा वर्षभरात तळं पिल्लांनी भरून टाकतो.

सिंधुदुर्गात तळ्यांना तोटा नाही. धामापूरचा तलाव 1530 मधला, विजयनगरच्या काळात नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीने बांधलेला. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. तो गावाचा. मालकीची पाणी साठवण मात्र गेल्या काही वर्षांत वाढत गेली आहे: माड-पोफळीच्या बागेतली जुनी तळी, चिरा काढून झाल्यावर पावसाने भरणाऱ्या चिरेखाणी, 2016 साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर सर्वांच्या परिचयाची झालेली शेततळी आणि खाडीकाठची मचूळ पाण्याची डबकी. मासा विणार की नाही हे ठरवण्यात या जागेचा वाटा मोठा असतो.

वाहत्या पाण्याची अट

कटला, रोहू आणि मृगळ हे मुळात उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. जून ते ऑगस्टमध्ये नदीला पूर येतो, पाणी पात्र सोडून काठच्या सखल जमिनीवर पसरतं आणि त्या उथळ, वाहत्या, गढूळ पाण्यात हे मासे अंडी सोडतात. पाण्याचं तापमान साधारण 24 ते 31 अंश सेल्सिअस लागतं. तेवढं तर मालवणात मिळतंच. मिळत नाही तो प्रवाह.

म्हणून तळ्यातला रोहू वयात येतो, पण विणत नाही. जून-जुलैत जाळं ओढलं तर हे डोळ्यांना दिसतं. मादीचं पोट फुगून मऊ पडलेलं असतं, गुदद्वार लालसर सुजलेलं असतं. नराच्या छातीजवळच्या परावर आतल्या बाजूने बोट फिरवलं तर ते खरखरीत लागतं, मादीचं मात्र गुळगुळीत. नराचं पोट हलकेच दाबलं की दुधासारखा पांढरा द्रव येतो. सगळी तयारी झालेली असते. मात्र पुराची खूण मिळाल्याशिवाय मेंदू शेवटचा हुकूम सोडत नाही. डोपामिन नावाचं रसायन पीयूषिका ग्रंथीवरचा लगाम धरून बसतं, अंडी सुटण्यासाठी लागणारं संप्रेरक पुरेसं बाहेर पडत नाही, आणि हंगाम सरला की मादीचं शरीर तीच अंडी हळूहळू जिरवून टाकतं. किलोभर वजनाच्या रोहूच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. ती सगळी जातात.

हा लगाम सोडवण्याचा मार्ग दूरच्या देशात सुरू झाला. अर्जेंटिनाचे शरीरशास्त्रज्ञ बर्नार्डो हूसे यांनी 1930 मध्ये माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला. त्यानंतर ब्राझीलमध्ये त्यावर काम झालं. भारतात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे मोठ्या कार्प माशांची प्रेरित वीण यशस्वी करून दाखवली. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, तो त्यामुळे. त्याआधी मत्स्यबीज म्हणजे नदीतून गाळून आणलेली पिल्लं, आणि त्यात हव्या त्या माशाबरोबर नको ते दहा मासे यायचे.

पद्धत ऐकायला सोपी आहे. बाजारातल्या माशांच्या डोक्यातून मोहरीएवढी ग्रंथी काढायची, अल्कोहोलमध्ये ठेवायची आणि गरजेच्या वेळी तिचा अर्क करायचा. मादीला वजनाच्या किलोमागे आधी 2 ते 3 मिलिग्रॅम आणि सहा तासांनी 5 ते 8 मिलिग्रॅम टोचायचा. दुसऱ्या टोचणीच्या वेळीच नराला एक हलका डोस. मग जोडी कापडी ‘हाप्या’त सोडायची. पुढे तयार संप्रेरकाची औषधं आली आणि दोन टोचण्यांऐवजी एक पुरू लागली. आजच्या हॅचरीत गोल हौदात पाणी सतत फिरतं ठेवून प्रवाहाचा आभास केला जातो. अंडी 14 ते 18 तासांत फुटतात, तीन दिवसांत पिल्लाच्या पोटाखालची बलकाची पिशवी संपते, तेव्हा त्याला मत्स्यजिरे म्हणतात. जिऱ्याचं बीज होतं, बिजाची बोटुकली. तळेवाल्याने विकत घ्यायची ती बोटुकली.

टोचणीशिवायही एक युक्ती होती. बंगालच्या बांकुरा आणि मेदिनीपूर भागात उतारावर बांध घालून असं तळं करतात की पहिल्या मोठ्या पावसात वरच्या पाणलोटाचं पाणी लोंढ्याने आत येईल आणि दुसऱ्या बाजूने वाहून जाईल. या नकली पुराला मासे फसतात आणि काठाच्या उथळ पाण्यात अंडी सोडतात. मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यात नौगावजवळ 1958 मध्ये एरवी कोरड्या राहणाऱ्या बांधात हा प्रयोग जमला. आपल्याकडच्या चिरेखाणीत असं सहसा होत नाही: भिंती उभ्या, उथळ काठ नाही आणि पाणी आत येतं ते वाहून न जाता साचतं.

न सांगता विणणारे

सायप्रिनस, म्हणजे सामान्य कार्प, स्थिर पाण्यात विणतो. त्याची अंडी चिकट असतात आणि ती पाणवनस्पतीला लागून राहावी लागतात. दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटतात. जुन्या बागेतल्या शेवाळी तळ्यात हे जमतं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात जमत नाही, कारण अंडी लावायला तिथे काहीच नसतं. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या जुड्या सोडल्या तर मात्र जमतं.

टिलापियाला तेवढीही अट नाही. मोझांबिक टिलापिया 1952 मध्ये भारतात आला. नर तळाच्या गाळात वाटीसारखा खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लं पोहू लागेपर्यंत ती तोंडातच सांभाळते. दोन-तीन महिन्यांचा मासा वयात येतो, गरम पाण्यात वर्षभर पुन्हापुन्हा विणतो, आणि वीतभरही न वाढलेल्या माशांनी तळं भरून जातं. खाणं सगळ्यांना अपुरं पडतं आणि विकायला एकही मोठा मासा मिळत नाही. तो खारं पाणीही सोसतो, त्यामुळे तळं फुटलं की व्हाळातून थेट खाडीत पोचतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

मरळीची रीत वेगळी. जोडी गवताळ काठावर जागा साफ करते, सोनेरी अंडी पाण्यावर तरंगतात, दिवसभरात फुटतात आणि नारिंगी पिल्लांचा थवा आई-बापाच्या पहाऱ्याखाली फिरतो. त्याच वेळी ही जोडी तळ्यातल्या रोहूच्या बोटुकल्या फस्त करत असते, हे मालकाला उशिरा कळतं.

खाडीकाठचं गणित

मचूळ तळ्यात काळुंदर सोडणाऱ्याला अपेक्षा करायला हरकत नाही. ही जोडी बुडालेलं लाकूड, दगड किंवा माडाच्या झावळीचा देठ चाटून-पुसून स्वच्छ करते आणि त्यावर देठाने लटकणारी अंडी लावते. दोघं आळीपाळीने परांनी त्यांवर पाणी हलवत राहतात. साधारण साडेतीन दिवसांनी पिल्लं फुटतात आणि आई-बाप ती तळाच्या खळग्यात नेऊन ठेवतात. गढूळ तळ्यात ही मेहनत वाया जाते.

जिताडा मात्र तळ्यात वाढतो, विणत नाही. तो आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो आणि विणीसाठी त्याला खाडीच्या मुखाचं खारं पाणी लागतं. चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने 1997 मध्ये त्याची बंदिस्त वीण साधली, तेव्हा कुठे हॅचरीचं बीज मिळू लागलं. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी तर मालकाला हमखास चकवते. मादी पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस घेऊन फिरते, अंडी राखाडी होतात, फुटतातही. पण त्या पिल्लांना पहिले काही आठवडे खाडीसारखं मचूळ पाणी लागतं. गोड्या तळ्यात ती थोड्याच दिवसांत मरतात.

चढणीची रात्र

या सगळ्यांत आपले स्वतःचे मासे राहूनच जातात. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले खवळे, मळये आणि इतर छोटे मासे व्हाळातून उलट्या प्रवाहाने वर चढतात आणि भाताच्या कुणग्यांत शिरतात. तिथे नव्या पाण्यात किडे आणि सूक्ष्म जीव भरपूर असतात, मोठे शिकारी मासे नसतात. अंड्यांसाठी याहून चांगली जागा नाही. या माशांना आपण चढणीचे मासे म्हणतो आणि बत्ती घेऊन रात्रीच त्यांच्या मागे लागतो, कारण पोटात गाबोळी असलेला मासाच चवीला सर्वांत गोड. ज्या मेरेवर सापळा लागतो, तिथून वर जाणारी मादी अंडी घालायच्या आधीच कालवणात पडते.

समुद्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठीही. मालकीच्या पाण्याची गोष्ट निराळी. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने ‘खासगी पाणी’ वेगळं ठेवलं. तिथे सरकारचे नियम लावायचे तर मालकाची लेखी संमती लागते. गावाला रूढीने तिथे मासे धरायचा हक्क असला, तरी तेवढ्याने ते पाणी खासगी असणं संपत नाही. सुरुंग लावून मासे मारणं मात्र कुठल्याही पाण्यात गुन्हाच ठरवला.

म्हणजे तुमच्या कुणग्यातून चढणाऱ्या माशाचं रक्षण व्हायचं, तर ते तुमच्याच हाती. तळ्यात कटला-रोहू असतील तर त्यांच्या पिल्लांची वाट पाहू नका, दरवर्षी खात्रीच्या हॅचरीतून बोटुकली आणा. टिलापिया सोडूच नका. आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरचे चार दिवस आपल्या मेरेवर सापळा लावू नका. मासे वर जाऊ द्या, अंडी घालू द्या, परतीच्या वाटेवर हवे तर धरा. चढणीचे मासे पुढच्या वर्षीही खायचे असतील, तर एवढा उपास परवडतो.