गोडे पाणी, कडक ऊन आणि फायबरची होडी

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, पण इथे पडणारा पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून उत्तरेला उतरणारे पाणी नळगंगा, ज्ञानगंगा, मन या नद्यांतून पूर्णेत जाते, पूर्णेतून तापीत आणि अखेर अरबी समुद्रात. दक्षिणेकडे वळलेले पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णेच्या वाटेने गोदावरीला मिळून बंगालचा उपसागर गाठते. वाटेत माणसाने ते जागोजागी अडवले आहे. नळगंगा, पेनटाकळी आणि खडकपूर्णा हे तीन मोठे प्रकल्प. पलढग, ज्ञानगंगा, मस, कोराडी, मन, तोरणा, उतावळी हे सात मध्यम. शिवाय गावोगावचे लहान तलाव. खडकपूर्णेच्या जलाशयाला संत चोखासागर हे नाव आहे, कारण चोखोबांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणा राजा त्याच देऊळगाव राजा तालुक्यात आहे. लोणारचे अल्कधर्मी पाणी माशाला मानवत नाही. ते सरोवर सोडले तर जिथे बारमाही पाणी, तिथे कटला, रोहू, मृगळ, मरळ आणि त्यांच्यामागे जाळे घेऊन भोई, हे ठरलेलेच.

या माणसांच्या हाताशी असलेली वाहने मात्र फार साधी असतात. थर्माकोलचे तुकडे बांधून केलेला तराफा, ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा, पत्र्याचा डोंगा, आणि ऐपत किंवा अनुदान असेल तर फायबरची होडी. गंमत अशी की जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत ‘बोट’ हा शब्द मासेमारीपेक्षा रेतीच्या बातमीत जास्त सापडतो. खडकपूर्णेच्या पात्रातून चोरून रेती उपसणाऱ्या बोटी महसूल खात्याने जिलेटिन लावून उडवल्या, ही इथे अधूनमधून येणारी बातमी आहे. मासे धरणाऱ्या होडीची बातमी होत नाही. ती उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की काठावर पालथी पडून राहते. चारदोन वर्षांनी तिच्यात भेग पडते, मागची फळी हलू लागते आणि लोक म्हणतात, फायबर गेले.

बहुतेक वेळा फायबर गेलेले नसते. काय गेले आहे ते ओळखता आले, तर ती होडी पुन्हा पाण्यात जाते.

टोलेडोपासून कन्याकुमारीपर्यंत

काचेचा धागा आणि रेझिन यांची गाठ अमेरिकेत पडली. काचेचे बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत १९३० च्या दशकात बसली आणि १९३८ मध्ये ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. त्याच शहरातल्या रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काचेचे तंतू पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवून लहान नाव घडवली. १९५८ मध्ये ‘बोस्टन व्हेलर’ ही होडी बाजारात आली. तिच्या दोन थरांमध्ये फोम भरलेला होता. ती बुडत नाही हे पटवण्यासाठी तिचे निर्माते डिक फिशर तिच्यात बसले आणि पाण्यातच होडी करवतीने अर्धी कापली. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने छापलेली ही छायाचित्रे गाजली. त्या काळातल्या होड्या शोधून, खरवडून, नव्याने सजवून पाण्यात उतरवणारे हौशी लोक तिथे आजही आहेत, आणि त्यांचे काम निभते याला कारण आहे. फायबरवर किती भरवसा ठेवावा हे तेव्हाच्या कारागिरांना नीट माहीत नव्हते. त्यांनी लाकडाच्या हिशेबाने जाड थर दिले आणि त्या जाडीने होड्या टिकल्या.

आपल्याकडे हे साहित्य हौसेने आले नाही, पोटासाठी आले. १९७९ मध्ये मद्रासला मुख्यालय ठेवून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने बंगालच्या उपसागराचा मच्छीमारी कार्यक्रम सुरू केला. लाटा फोडून थेट वाळूवर येणारी फायबरची होडी कशी असावी, यावर त्यात बरेच प्रयोग झाले. पुढे दक्षिणेत कट्टुमरमसाठी, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या तराफ्यासाठी, लागणारे लाकूड महाग आणि दुर्मिळ होत गेले, आणि २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर मदत म्हणून वाटलेल्या नव्या होड्यांत फायबरचा भरणा होता. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, जिची स्थापना १९५७ ची, समुद्राबरोबरच जलाशयांसाठीही फायबरच्या लहान होड्यांचे आराखडे केले.

या प्रवासात एक गोष्ट सुटली. लाकडी होडीचा सुतार गावात असायचा; फळी सडली की तो बदलून द्यायचा. फायबरची होडी साच्यातून निघते आणि तो साचा शेकडो किलोमीटर दूर असतो. होडी गावात आली, तिचा वैद्य आला नाही.

गोड्या पाण्याचा कडूपणा

सर्वसाधारण समज असा की खारे पाणी वाईट आणि गोडे पाणी होडीला मानवते. लोखंडाच्या बाबतीत हे खरे आहे. फायबरच्या बाबतीत बरेचसे उलट आहे.

फायबरच्या होडीवर बाहेरून जेलकोट नावाचा रंगीत, चकचकीत थर असतो. तो पाणी अडवतो, पण पूर्णपणे नाही. महिनोन्महिने पाण्यात राहिलेल्या होडीत ओलावा हळूहळू आत शिरतो, रेझिनमध्ये राहून गेलेले विरघळणारे अंश त्यात उतरतात आणि आत एक तीव्र द्रावण तयार होते. मग ते बाहेरचे पाणी ओढू लागते. मनुका साध्या पाण्यात टाकला की टम्म फुगतो, मिठाच्या पाण्यात तेवढा फुगत नाही. तोच नियम इथे लागू होतो. म्हणून समुद्रापेक्षा धरणात होडीच्या बुडाला फोड लवकर येतात. फोड फोडला तर आंबूस वासाचे पाणी निघते.

लाकडाचेही तसेच. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात, ते इथे नाहीत. पण मीठ बुरशीला आवरून धरते आणि गोडे पाणी तिला मोकळे रान देते. फायबरच्या होडीत लाकूड कुठले, असे कुणी विचारेल. ते झाकलेले असते. तळाला ताठपणा देणारे पट्टे आणि मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, यांच्या पोटात बहुधा लाकूड किंवा प्लायवुड असते. एखाद्या बोल्टच्या भोकातून पाणी आत गेले की वरचे फायबर धडधाकट दिसते आणि आतला गाभा भुसा होतो.

तिसरा फरक वजनाचा. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असते. होडी, माणसे, जाळी आणि मासे मिळून ६०० किलो भरले तर समुद्रात ते पेलायला साधारण ५८५ लिटर पाणी बाजूला सारावे लागते, धरणात पूर्ण ६००. म्हणजे समुद्रकाठी बेतलेली होडी इथे थोडी जास्त बसते.

या सगळ्यावर कडी करते ते ऊन. मलकापूर-शेगावच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. पालथ्या होडीवर हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पूड लागते. तो उन्हाने मेलेला जेलकोट. शिवाय पाणी मागे सरकेल तशी होडी काळ्या दगडांवरून ओढत न्यावी लागते. मग पठाण, म्हणजे तळाचा कणा, घासून काचेचे धागे उघडे पडतात. समुद्रकाठच्या वाळूला अशी धार नसते.

आधी कान, मग हात

दुरुस्तीची सुरुवात ठोकून पाहण्याने होते. लहान हातोडीने किंवा नाण्याने होडीभर टकटक करत जायचे. टणक आवाज आला तर थर एकजीव आहेत. भद्द आवाज आला तर थर सुटले किंवा आत पाणी आहे. तिथे खडूने वेढा काढायचा. मडके पारखणाऱ्या बाईला ही विद्या शिकवावी लागत नाही.

दुसरे काम वाळवण्याचे, आणि इथे बुलढाण्याचा उन्हाळा पहिल्यांदाच बाजूने उभा राहतो. फोड खरवडून, मऊ पडलेला भाग कापून, गोड्या पाण्याने धुऊन होडी आठवड्यानुआठवडे सावलीत, वाऱ्यावर ठेवायची. ओलावा आत ठेवून वर थर चढवला तर रोग झाकला जातो, जात नाही.

तिसरे काम उताराचे. भोक पडले म्हणून त्यावर ठिगळ चिकटवणे ही सर्वांत मोठी चूक. कडा तिरक्या घासाव्या लागतात. बॉडी ५ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चारी बाजूंनी ६० मिलिमीटरपर्यंत उतार, म्हणजे एकास बारा. नवा थर जुन्याला जितक्या रुंदीवर भिडेल तितका जोड मजबूत.

मग मॅट आणि रेझिन. मॅट म्हणजे काचेच्या तुकड्यांची चटई, चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅमची. जिथे ताकद हवी तिथे मधे विणलेले रोव्हिंग घालतात. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागते. ब्रशने भिजवून रोलरने दाबत हवेचे बुडबुडे काढायचे. रेझिनमध्ये हार्डनर एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला १० ते २० मिलिलिटर. आणि कोबाल्टचा ॲक्सलरेटर आधीच मिसळलेला नसेल तर तो वेगळा, किंचित. हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. तापमान दहा अंशांनी वाढले की रेझिन हातात राहण्याचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. म्हणून हे काम पहाटे, लहान डब्यात, थोडे थोडे कालवून. दुपारी बारा वाजता बादलीभर कालवले तर बादलीतच धूर निघतो. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून नाकावर चांगला मास्क हवा. गमछा पुरत नाही.

थर्माकोलची एक गोष्ट इथल्या माणसाने लक्षात ठेवावी. तराफ्याच्या सवयीने तो होडीच्या पोकळीत थर्माकोल भरतो आणि वरून फायबर करतो. पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन थर्माकोलला विरघळवून टाकते. वर कवच राहते, आत काही उरत नाही. त्याला आधी प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळावे, नाहीतर पॉलियुरेथेन फोम वापरावा. तरंगण्यासाठी भरलेला हा फोम सजावट नव्हे. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. धरणाचे पाणी शांत दिसते, पण मोकळ्या पसाऱ्यावरून वारा सुटला की लाट उठायला वेळ लागत नाही. उलटली तरी तरंगत राहणारी होडी आणि प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट, हा हिशेब तिथे कळतो.

मागची फळी सडली असेल तर ती आतून कापून काढतात आणि आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लायवुड रेझिनमध्ये भिजवून बसवतात. पुढे प्रत्येक बोल्टचे भोक मोठे पाडून रेझिनने भरायचे आणि त्यातून पुन्हा बारीक भोक पाडायचे, म्हणजे लाकडाला पाणी दिसतच नाही. पठाणावर दोन-तीन जादा थर दिले की दगड सोसतात.

होडी सजवणे

बॉडी झाली, आता साज. भोयाची होडी म्हणजे जाळे टाकायचा ओटा. तंगूसचे जाळे सरसर सुटले पाहिजे, म्हणून काठावर बाहेर आलेला एकही नट, खिळा, धारदार कोपरा नको. बोल्टचे डोके आत बुडवायचे. वल्ह्यांचे आधार फळीच्या मधोमध नव्हेत, ओढणाऱ्याच्या हाताच्या मापाने. इंजिन लावायचे असेल तर मागच्या फळीची उंची आधी मोजायची: लहान दांड्याला सुमारे १५ इंच, लांब दांड्याला २०. चुकली तर पंखा हवेत फिरतो नाहीतर होडी मागे बसते. समुद्रात इंजिनाला गंजापासून वाचवायला जस्ताचा तुकडा लावतात, गोड्या पाण्यात तो नीट काम करत नाही. इथे मॅग्नेशियमचा लागतो. असा तपशील समुद्रकाठून आलेल्या माणसालाही ठाऊक असतोच असे नाही.

वैद्य कुठे आहे

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य आहे. अनुदानाची भाषा नवी वस्तू घेण्याची असते, जुनी राखण्याची नसते. फायबरच्या बाबतीत ही उणीव महागात पडते, कारण मेलेली होडी कुठेच जात नाही. लाकूड चुलीत जाते, पत्रा भंगारात जातो. फायबर जाळले तर विषारी धूर, पुरले तर तसेच पडून राहते. इंग्लंडच्या चिचेस्टर बंदरातल्या कालवांत किलोमागे ११,२२० पर्यंत फायबरचे कण आढळल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सोडून दिलेल्या आणि उघड्यावर घासलेल्या होड्यांकडे तिथे बोट दाखवले गेले. आपल्या धरणांतून शेताला आणि नळाला पाणी जाते. म्हणून होडी घासायची ती काठावर नव्हे, ताडपत्री अंथरून, आणि धूळ गोळा करून.

वैद्य मात्र जवळच असतो. कूलरची फायबर बॉडी, देखाव्याच्या मूर्ती, पाण्याच्या टाक्या यांना लागणारी मॅट आणि रेझिन हीच आहेत. तालुक्याच्या गावात हे काम करणारा हात असेल तर त्याला उतार, गाभा आणि ओलावा एवढे तीन धडे हवेत. मच्छीमार संस्थेने दरवर्षी मे महिन्यात दोन दिवस त्याला काठावर बोलावले, तर मृगाच्या आधी सगळ्या होड्या ठोकून तपासून होतात. विहिरीचा गाळ काढणे, नांगराचा फाळ शेवटून आणणे ही कामे शेतकरी पावसाआधी करतोच. होडी त्या यादीत अजून आलेली नाही.

पुढच्या काळात ती यादी लांबणार आहे. पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प पूर्ण झाला की नांदुऱ्याकडे नवे मोठे पाणी दिसेल. ४२६ किलोमीटर लांबीचा वैनगंगा-नळगंगा जोड झाला तर गोदावरीच्या खोऱ्यातले पाणी या जिल्ह्यात तापीच्या खोऱ्यात उतरेल. पाणी येईल, मासा येईल, होड्याही येतील. काठावर पालथ्या पडलेल्या होडीवर नाणे ठोकून कान देणारे कुणी त्या दिवशी असले पाहिजे. ‘टण’ आणि ‘भद्द’ यांतला फरक शिकायला समुद्र लागत नाही.